सेतूरावचे एकोणचाळीस चेहरे

सेतूरावची नाडी मी पहिल्यांदा मोजली तेव्हा ती मिनिटाला एकशे बारा होती. आजार काही नव्हता. समोर बांबूचा साकव होता, खाली कालव्याला साडेचार फूट पाणी होते, आणि पलीकडे इन्नंबूरच्या शेतांत बाया भाताची रोपे लावत होत्या. त्यांची फिल्म काढायला तो निघाला होता.

"अण्णा, पायाखालच्या बांबूला गांठी किती?" त्याने विचारले.

मी मोजून सांगितल्या. सत्तावीस.

मग कॅमेऱ्याची पेटी छातीशी धरून, ओठांतल्या ओठांत एक-एक गाठ मोजत तो साकवावरून गेला आणि पलीकडे पोचताच मटकन खाली बसला. एक बाई हसून म्हणाली, "सामी, आमची पोरं यावरून पळत जातात." त्यानेही मान हलवली, जणू तिने अगदी योग्य तेच सांगितले.

सेतूराव भित्रा होता. हे मी त्याची निंदा म्हणून लिहीत नाही. तो स्वतःच सर्वांना सांगे. कुत्र्यांना भिई, विजेला भिई, गावातल्या मोठ्या माणसांना भिई, टपालाच्या तारेला तर फारच भिई. वाटेत कुत्रे आडवे आले की तो थांबून त्याच्याशी तमिळमध्ये आर्जवाने बोले: "राजा, मी जरा पलीकडे जाऊन येतो." आभाळ गडगडायला लागले की कानांत कापूस घाली, आणि आम्ही काय बोलतो ते ऐकू येईना म्हणून पुन्हा काढी. आणि तरीही, ज्या ज्या ठिकाणी जायला कुंभकोणमचा एकही पांढरपेशा माणूस धजला नसता, त्या त्या ठिकाणी तो गेला. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाला, "भीती जात नाहीं, अण्णा. तिला बरोबर घ्यायची आणि थोडें सामान तिच्या डोक्यावर द्यायचें."

आमची घरे शेजारी-शेजारी. दोन्ही घराणी तंजावरच्या राजांमागून इकडे आलेली. राजे गेले, राज्य गेले, आम्ही कारकून, मास्तर आणि ओव्हरसियर झालो. घरात बोलतो ती मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. दाराबाहेर पाऊल टाकले की आम्ही तमिळ. रस्त्यातली माणसे आम्हांला 'रायर' म्हणतात. मी पाटबंधारे खात्यात पाणी मोजणारा. कालव्यांच्या दरवाजांवरच्या मापाच्या पट्ट्यांवर सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता किती फूट किती इंच पाणी होते, ते आकडे तपासणे हे माझे काम. तेवीस वर्षे तेच करतो आहे. सेतूराव माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो मद्रासला एका स्टुडिओत देवादिकांच्या चित्रांसाठी दिवे उचलायला राहिला होता. सात वर्षांनी परत आला तो एक जुना कॅमेरा घेऊन. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाने तो त्याला दिला होता. लग्न त्याने केले नव्हते. आईच्या पश्चात एकटाच राही, आणि जेवायला दोन्ही वेळा आमच्याकडे.

त्या कॅमेऱ्याने आमची मैत्री पक्की केली, कारण त्यात सगळे आकडे होते. किल्ली एकदा पूर्ण दिली की कॅमेरा अर्धा मिनिट चाले. फिल्मची गुंडाळी शंभर फुटांची, प्रत्येक फुटात चाळीस चित्रे, सेकंदाला सोळा चित्रे. म्हणजे एक गुंडाळी चार मिनिटे दहा सेकंद. ती धुवायला मुंबईला जाई आणि तीन आठवड्यांनी येई. त्या जातीच्या फिल्मला निगेटिव्ह नसे. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन परत येई आणि तीच पडद्यावर दिसे. प्रत एकच. हरवली तर संपले.

त्याने अशा लहान-लहान फिल्मा सहा काढल्या. देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसणारे महारोगी, नगरपालिकेचे झाडूवाले, रोपे लावणाऱ्या बाया. मद्रासची एक संस्था त्या कॉलेजांतून दाखवी आणि पुढच्या फिल्मपुरते सामान पाठवी. बटण दाबण्याआधी तो डाव्या हाताने उजव्या मनगटाची नाडी धरी. "शंभराच्या वर असली तर चित्र हलतें," म्हणे. शंभराखाली येईपर्यंत तो थांबे आणि ज्याची फिल्म काढायची तो माणूसही बिचारा थांबे. त्या थांबण्यात, मला वाटते, दोघांचीही थोडी ओळख होत असे.

त्याचा एक नियम होता. फिल्म धुऊन आली की पहिल्यांदा ज्यांची आहे त्यांनी बघायची, नंतर जगाने. नाचियार्कोविलच्या पितळी समया ओतणाऱ्यांची फिल्म त्याने अशीच एका कारखान्याच्या पडवीत दाखवली. मी होतो. समयांचा व्यापारी पुढे खुर्चीवर बसला होता, पण फिल्मभर समई अशी दोनदाच दिसली. बाकी सगळा वेळ भट्टीपुढची माणसे. त्यांतला एक पन्नाशीचा ओतारी भट्टीच्या धुरात वाकून खोकतो आहे आणि खोकता-खोकताच मूस हलू न देता धरतो आहे, असा एक तुकडा होता. इतकी खरी गोष्ट मी पडद्यावर पाहिली नव्हती. दिवे लागल्यावर तोच ओतारी सेतूरावजवळ आला.

"सामी, तेवढे काढून टाकाल का? माझ्या मुलीचे जमते आहे. मुलाकडच्यांनी पाहिले तर म्हणतील, बाप क्षयाचा आहे."

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून सेतूरावने तो तुकडा कापला. माझा जीव हळहळला. "सेतू, सगळ्या फिल्ममध्ये चांगला तेवढाच होता रे," मी म्हणालो.

"होय, अण्णा. पण खोकला त्याचा आहे."

एवढे सांगितल्यावर आता वस्तीची गोष्ट सांगता येईल.

कावेरीच्या पलीकडे, तिरुविडैमरुदूरच्या बाजूला, वाळवंटाला लागून एका जमातीची वस्ती होती. जमातीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांची मुले आता शाळांत आहेत. इंग्रजांच्या एका कायद्याने ती सगळी जमात जन्मतः गुन्हेगार ठरवली होती. मोठ्या माणसांच्या अंगठ्यांचे ठसे ठाण्याच्या पुस्तकात होते. रोज दिवे लागताना दोन मैल चालत यायचे, ठाण्यासमोरच्या वाळूत ओळींनी उकिडवे बसायचे, नंबर पुकारला की 'हजर' म्हणायचे. नाव कोणी घेत नसे. कायदा उठून थोडीच वर्षे झाली होती. हजेरी बंद झाली, पण त्या वेळेला अजूनही वस्तीत कुणी जेवायला बसत नाही, असे सेतूरावने मला सांगितले.

तिथे जायला लागल्यावर पहिले दोन महिने त्याने कॅमेरा नेलाच नाही. वस्तीची कर्ती करुप्पायी नावाची म्हातारी होती. तिला सगळे 'आया' म्हणत, म्हणजे आजी. उंची पाच फुटांच्या आत, आवाज मात्र नदीपलीकडे जाणारा. तिने पहिल्याच दिवशी त्याला विचारले, "तू पोलिसांचा का देवाचा?"

"दोघांनाही भितो," तो म्हणाला. तेव्हा तिने त्याला बसायला चटई दिली.

तिच्याच एका बोलण्यावरून त्याला ती फिल्म सुचली. ती म्हणाली होती, "चाळीस वर्षं अंगठा घेतला माझा. तोंड कुणी बघितलं नाही." सेतूरावने ठरवले की वस्तीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने कॅमेऱ्यासमोर सरळ उभे राहायचे, छातीशी पाटी धरायची, आणि पाटीवर त्याचे स्वतःचे नाव. नंबर नाही, नाव. प्रत्येकाला बारा सेकंद. एका किल्लीत दोन माणसे.

माणसे एकोणचाळीस भरली. पाट्यांवर नावे सेतूरावने लिहिली, पण प्रत्येकाला आधी ती वाचून दाखवली आणि अक्षरांवरून बोट फिरवायला लावले. हिशेब मी करून दिला होता: एकोणचाळीस गुणिले बारा, सात मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद, एका माणसाला चार फूट साडेनऊ इंचांहून थोडी जास्त पट्टी, दोन गुंडाळ्या पुरून वर बारा-तेरा फूट कोरी. ती तशीच उरली. करुप्पायी आयाचा मुलगा वेलन कॅमेऱ्यापुढे शेवटी उभा राहिला, तोही आईने दटावल्यावर. दोनदा तुरुंग पाहिलेला माणूस. बारा सेकंदांत त्याची पापणी लवली नाही.

फिल्म धुऊन आली आणि नियमाप्रमाणे आधी त्यांना दाखवायची होती. वस्तीत वीज नव्हती. आमच्या घरी होती.

"अण्णा, परसांत दाखवूं कां?" सेतूरावने विचारले.

मी हो म्हणालो. धैर्य म्हणून नव्हे. नाही म्हणायला जे कारण लागले असते ते तोंडाने सांगायची लाज वाटली म्हणून. माझ्या बायकोने, जानकीने, स्वयंपाकघरातून एवढेच विचारले, "किती जण?" आणि तितके पेले बाहेर काढले. मग थोड्या वेळाने चांदीचा गडवा आत ठेवला. मी पाहिले. तिनेही मी पाहिल्याचे पाहिले.

संध्याकाळी ते सगळे आमच्या गल्लीतून एका ओळीने, भिंतीकडेने, पायांचा आवाज न करता आले. दारे धडाधड लागली. समोरचे पेन्शनर अय्यर मात्र ओट्यावर उभे राहून बघत होते.

परसात पडद्यासाठी ताणलेल्या पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, चेहरे आले. पहिल्या चेहऱ्याला कुणीतरी हसले, मग कुणी हसले नाही. आपली पाळी आली की जो तो आपल्या जागी उठून उभा राही, पडद्यावर तो उभा आणि खाली वाळूत तो उभा, आणि बारा सेकंदांनी दोघेही जात. आयाने आपला चेहरा पाहून मोठ्याने म्हटले, "अय्यो, हिला दात कधी नव्हते?" फिल्म संपल्यावर कुणी हललेच नाही. सेतूरावने ती पुन्हा लावली. तीन वेळा लावली. त्या वेळी माझ्या मनात भीती नव्हती हे मला नोंदवून ठेवायचे आहे, कारण पुढे ती आली ती गेलीच नाही.

नऊ दिवसांनी आमच्या गल्लीत, पाच दारे सोडून, चोरी झाली. पूजेची चांदी आणि एक साखळी.

सकाळी अय्यर आमच्या ओट्याशी आले. वर चढले नाहीत. "काय रायर? पाहुण्यांना रस्ता चांगला दाखवलात. पुढच्या खेपेला कपाटांच्या किल्ल्यांची पण फिल्म काढा."

शनिवारी दहाच्या सुमारास, ज्या ठाण्याच्या हद्दीत ती वस्ती होती तिथला सब-इन्स्पेक्टर आला. तरुण, स्वच्छ, अतिशय अदबशीर. चपला खाली काढून ओट्यावर बसला. जानकीने दिलेल्या पाण्याबद्दल तिला नमस्कार केला. सेतूराव आतून आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. त्याच्याशी झालेले बोलणे तमिळमधले आहे; मी ते साध्या मराठीत लिहितो.

"भिण्यासारखे काही नाही, सार," तो मला म्हणाला. "काहीतरी फिल्म दाखवलीत म्हणे. गंमत म्हणून मलाही बघायची आहे. पाच मिनिटांचे काम."

"सात मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद," मी म्हणालो.

हे मी का बोललो? चुकीचा आकडा कानावर आला की मला तो सुधारल्याशिवाय राहवत नाही. तेवीस वर्षांची सवय. त्याने माझ्याकडे वळून नीट पाहिले.

"अरे वा. माणसे किती आहेत त्यात?"

"एकोणचाळीस."

"म्हणजे सगळी. आणि कोण कोण ते कसे कळते?"

सेतूरावने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले नाही. "पाटीवर नावे आहेत," मी म्हणालो.

सब-इन्स्पेक्टर हसला, खरोखर आनंदाने. "समोरून चेहरा, छातीशी नावाची पाटी. सार, आमच्याकडे कैद्यांचे फोटो असेच काढतात. फक्त एकेकाचा काढायला आम्हांला माणूस आधी पकडावा लागतो." तो सेतूरावकडे वळला. "तुम्ही तर आमचे सहा महिन्यांचे काम केलेत. जुने पुस्तक सरकारने बंद केले. त्यात नुसते अंगठे होते. फिल्म मला द्या. चोरी झाली त्या घरच्या गड्याला दाखवतो. त्याने अंधारात कुणाला तरी पळताना पाहिले आहे. एकोणचाळिसांत एखादा त्याला ओळखू येईलच."

"आणि त्याने चुकीचा ओळखला तर?" सेतूरावने विचारले.

"चुकीचा कोण आहे त्यांत?" सब-इन्स्पेक्टरने शांतपणे विचारले. "सोमवारी दहाला येतो. रायर सरकारी माणूस आहेत, तुम्ही शिकलेले आहात. झडती वगैरे कशाला?"

तो गेल्यावर सेतूराव खांबाशीच खाली बसला. मी त्याचे मनगट धरले. मोजता येईना इतकी जोरात नाडी चालली होती.

"त्याच्या आधीं मला कां नाहीं दिसलें तें?" तो म्हणाला. "पाटी, नांव, सरळ उभें. मीच उभे केले. मोठ्या मानानें केले, अण्णा."

"मी आकडे बोललों नसतों तर..."

"तूं खोटें कधी बोलणार? जाऊं दे."

जानकी दारात आली. "भाऊजी, ती फिल्म आमच्या कोठींत आहे. तांदळाच्या माठामागें. माझ्या घरांत दोन मुली आहेत." तिने रागाने म्हटले नाही. त्या रात्री आमच्याकडे कुणी नीट जेवले नाही. रस्त्यात सायकल थांबली की मी घास हातात धरून ऐकत राही.

रविवारी सकाळी सेतूराव म्हणाला, "तुझी मोजायची टेप घे. आणि वैनी, कात्री द्या." आम्ही नदी उतरून वस्तीवर गेलो. डबे त्याने उपरण्यात गुंडाळून काखेत धरले होते. वाटेत दोन शिपाई सायकलींवरून समोरून आले आणि निघून गेले. सेतूराव त्यानंतर शंभर पावले मोजेपर्यंत श्वास सोडत नव्हता.

करुप्पायी आयाला त्याने सगळे सांगितले, काही लपवले नाही. मी काय बोललो तेही तिला कळले, कारण ते मीच सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले, पण राग धरण्याइतके मला महत्त्व दिले नाही.

"मी जाळून टाकतो," सेतूराव म्हणाला. "तुम्हांला विचारायला आलो."

"माझं तोंड जाळायला मी अजून मेले नाही, सामी."

"मग ते त्यांच्या हाती जाईल, आया."

"का जाईल? ते माझं आहे म्हणालास ना तू? का नुसतं बोलायचं म्हणून बोललास?" तिने हात पुढे केला. "माझं मला दे. ज्याचं त्याला दे. मग बघू कोण कुणाकडून मागतो."

वेलन कडेला उभा होता. तो म्हणाला, "आई, घरात सापडलं तर तेच पुरावा होईल."

"मग तू तुझं काय करायचं ते कर. पण तुझ्या हातानं कर."

दुपारभर काम चालले. सेतूराव पट्टी उन्हाकडे धरून भिंगातून पाटीवरचे नाव वाची आणि मोठ्याने पुकारी. मी टेप लावी. चार फूट साडेनऊ इंच, किंचित वर. तो कापी. ज्याचे नाव तो पुढे येई. कुणी दोन्ही हातांनी घेई, कुणी डोळ्यांना लावी, कुणी उन्हाकडे धरून स्वतःला शोधी. अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकटीत तो माणूस एकशे ब्याण्णव वेळा उभा असे. एका बाईने आपली पट्टी छपराच्या पेंढ्यात खोचली. एकाने तंबाखूच्या डबीत बसवली. आयाने कमरेच्या चंचीत ठेवली. वेलनने आपली आमच्यासमोर चुलीत घातली आणि ती आवळून काळी होईपर्यंत बघत राहिला. सेतूरावने तोंड फिरवले नाही.

सहा महिन्यांची फिल्म पाच तासांत संपली. डब्यांत दोन कोरे तुकडे उरले.

सोमवारी दहाला सब-इन्स्पेक्टर आला, बरोबर तीन शिपाई. त्याने डबे उघडले, तुकडे उजेडाकडे धरले, खाली ठेवले.

"बाकीची?"

सेतूरावने खांब दोन्ही हातांनी धरला होता. पण शब्द नीट आले. "ज्याची त्याला दिली. प्रत्येकाकडे स्वतःची आहे. तुम्ही त्यांना मागा. त्यांना वाटले तर देतील. कायद्याने आता त्यांच्यावर सक्ती नाही."

सब-इन्स्पेक्टर हसला नाही. तो माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही, सार? तुम्हांला आकडे फार पाठ असतात. नावे असतीलच. सांगा, मी लिहून घेतो."

नावे मला पाठ होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ज्या क्रमाने ती उभी राहिली त्या क्रमाने. आजही आहेत. माझ्या पाठीमागे दाराआड जानकीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. माझी नोकरी, मुली, घर, सगळे त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे आले. ते आले नाही असे म्हणणार नाही.

"नावे मला आठवत नाहीत," मी म्हणालो.

त्याने वही मिटली. सेतूरावला आणि कॅमेऱ्याला घेऊन ते गेले. जाताना सेतूराव मला म्हणाला, "अण्णा, माझ्या घराचें कुलूप बघ." समोर अय्यर ओट्यावर होते. या खेपेला ते नुसते आत गेले.

चौकशीसाठी नेले आहे, एवढेच ठाण्यावर सांगत. मंगळवारी मी गेलो, भेटू दिले नाही. बुधवारी डबा घेऊन गेलो. शिपायाने डबा ठेवून घेतला. आत एक माणूस कण्हत होता. तो सेतूराव होता की दुसरा कोणी, मी विचारले नाही. विचारले असते तर शिपायाने माझे नाव लिहून घेतले असते.

चोरी कुणी केली ते आजतागायत कळलेले नाही. मला माहीत नाही, म्हणून मी काहीच लिहीत नाही. सेतूराव नंतर गल्लीत परत न येताच उत्तरेकडे गेला, आणखी दोन फिल्मा त्याने काढल्या असे ऐकले; गेल्या चार वर्षांत पत्र नाही. त्याची-माझी समोरासमोर भेट पुन्हा झालीच नाही. मी त्याला शेवटचा पाहिला तो त्या गुरुवारी, ठाण्याच्या रस्त्याच्या पलीकडून.

दिवे लागायची वेळ होती. मी चिंचेखाली उभा होतो. पुढे जावे की परत फिरावे, ते ठरत नव्हते. तेवढ्यात नदीच्या बाजूने माणसे येताना दिसली. पुढे करुप्पायी आया. ती आली, ठाण्यासमोरच्या वाळूत बसली. तिच्या शेजारी दुसरी. मग ओळ भरली, मागे दुसरी ओळ लागली, तिसरी, चौथी. कुणी त्यांना बोलावले नव्हते. ती हजेरीची जागा होती आणि हजेरीची वेळ. वेलन शेवटच्या ओळीत होता. मी मोजली: एकोणचाळीस.

एक शिपाई बाहेर आला. "काय आहे? कुणी बोलावलं तुम्हांला? जा, जा!" कुणी उठले नाही. "हजेरी बंद झाली, ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे," आया म्हणाली. "आज आम्ही घेतो. आमचा एक आत आहे. त्याचं नाव सेतूराव. पुकार."

शिपाई आत गेला. बराच वेळ काही झाले नाही. माणसे उकिडवी बसून होती, हात गुडघ्यांवर, जसे त्यांना चाळीस वर्षे बसायला शिकवले होते तसेच. दारात सब-इन्स्पेक्टर येऊन उभा राहिला. ओळींकडे बघत राहिला, मग बाजूला झाला.

सेतूराव बाहेर आला. अंगात सदरा नव्हता, वेष्टी मळली होती, डावा हात पोटाशी धरलेला. पायऱ्या तो एक-एक करून उतरला. सब-इन्स्पेक्टर म्हणाला, "जा आता." मला वाटले तो रस्त्याकडे येईल आणि मला बघेल. मी चिंचेच्या बुंध्यामागे सरलो. हे मी लिहिले नाही तर बाकीचे लिहिण्यात अर्थ नाही.

तो रस्त्याकडे आला नाही. ओळींच्या कडेने चालत मागे गेला आणि शेवटच्या ओळीत वेलनच्या पलीकडे, वाळूत, उकिडवा बसला. कुणी मान वळवली नाही. अंधार पडत होता. ठाण्याच्या दाराशी कंदील आला. माझ्या बाजूने फक्त पाठी दिसत होत्या, उघड्या, वाकलेल्या, चाळीस. त्यांतली सेतूरावची कुठली, ते मला ओळखू येईना.